पहिला डबा विकण्याआधी : सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी घरीच उटणं, फेसपॅक आणि साबण बनवते. मैत्रिणी, बचत गटाचं प्रदर्शन आणि व्हॉट्सॲप, एवढीच विक्री. तरीही परवाना लागतो का? (एक वाचक, वाई)

उत्तर : हो, लागतो. विक्री किती आहे हे इथे पाहिलं जात नाही. विकायला बनवलं की सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 लागू होतात. परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. खरी अडचण जागेची येते. राहत्या घरात किंवा घराला आतून जोडलेल्या खोलीत उत्पादन चालत नाही. क्रीम-लोशनसाठी 25 चौरस मीटरच्या आसपास जागा धरतात, साबणाला त्याहून बरीच जास्त. कामावर देखरेख करायला जाणकार माणूस लागतो, पण त्यासाठी फार्मसीचीच पदविका हवी असं नाही. रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली व्यक्तीही चालते. तुमच्या गटात अशी कुणीतरी नक्की सापडेल.

माझा सल्ला असा की उटणं आणि फेसपॅकपासून सुरुवात करा. कोरड्या पुडीत पाणी नसतं, त्यामुळे ती सहजासहजी बिघडत नाही. साबण सध्या परवानाधारक कारखान्याकडून करून घ्या.

प्रश्न : कोरफडीच्या जेलमध्ये व्हिटॅमिन ई, टी ट्री तेल आणि सोडियम बेन्झोएट घालते. तरी दीड महिन्यात वास बदलतो. आणखी केमिकल न घालता जेल टिकवायचं कसं? (नाशिक)

उत्तर : गेल्या वर्षी एका ताईंनी मला अशीच बाटली आणून दिली होती. झाकण फिरवताच फस्स करून हवा सुटली. तोंडाच्या आतल्या कडेला मोहरीएवढा करडा ठिपका होता. जेल मात्र काचेसारखं स्वच्छ दिसत होतं, आणि भीती वाटते ती याचीच. जंतूंची वाढ डोळ्यांना दिसेपर्यंत ते जेल कितीतरी जणींच्या चेहऱ्याला लागून गेलेलं असतं.

तुमच्या कृतीत काय चुकतंय ते सांगतो. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, पण जंतूंना ते अडवत नाही. टी ट्री तेल जंतूंना मारतं हे खरं, पण जेल टिकवायचं तर ते इतकं घालावं लागेल की त्वचा चुरचुरेल. सोडियम बेन्झोएट हे परिरक्षक, म्हणजे जंतूंना रोखून माल टिकवणारा घटक, चांगलं आहे, मात्र ते आम्लधर्मी मिश्रणातच काम करतं. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो 5 च्या वर गेला की बेन्झोएटचा जोर झपाट्याने उतरतो. कार्बोमरने घट्ट केलेलं जेल बहुधा 6 ते 7 च्या दरम्यान असतं, म्हणजे तुम्ही घातलेलं बेन्झोएट तिथे नुसतं पडून राहतं. आधी पीएच मोजा. साधी पट्टी चालेल, मीटर असेल तर उत्तम. आम्लात टिकणारा घट्टकारक वापरून पीएच खाली आणा, नाहीतर फिनॉक्सीइथेनॉलसारखं परिरक्षक वापरा. त्याची कमाल मर्यादा 1 टक्का आहे. त्यानंतर प्रयोगशाळेतून जंतुचाचणी करून घ्या आणि काही बाटल्या तीन महिने 40 अंश तापमानात ठेवून पाहा.

‘केमिकल नको’ या हट्टापायी सडकं जेल विकलं जात असेल, तर त्या हट्टाला माझा स्पष्ट विरोध आहे.

प्रश्न : आजीच्या कृतीचं केसांचं तेल आहे. लेबलवर ‘टकलावर केस उगवतात’ असं लिहू का? छपाईवाला म्हणतो, ‘आयुर्वेदिक’ लिहिलं की नियम सुटतात. (लातूर)

उत्तर : छपाईवाल्याचं ऐकू नका. स्वच्छ करणं, शोभा वाढवणं, रूप बदलणं, एवढंच सौंदर्यप्रसाधनाचं काम. टक्कल घालवणं हा उपचाराचा दावा झाला. औषधांच्या नियमांतही टक्कल, नवे केस उगवणं आणि त्वचा गोरी होणं हे दावे मनाई असलेल्या यादीत आहेत. आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना वेगळा काढावा लागतो आणि त्याच्या अटीही वेगळ्या असतात.

ही सीमारेषा किती नाजूक आहे ते विकोच्या उदाहरणावरून कळेल. केशव विष्णु पेंढरकरांनी 1952 मध्ये परळला सुरू केलेली ही कंपनी. तिची हळदीची क्रीम औषध की प्रसाधन, यावरून अबकारी खात्याशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तुम्ही ‘केस मऊ राहतात, गुंता कमी होतो’ असं लिहा. ते खरंही असेल.

प्रश्न : क्रीम काढायची आहे, आठ लाख भांडवल आहे. स्वतःचं युनिट टाकू की दुसऱ्याकडून बनवून घेऊ? (कोल्हापूर)

उत्तर : पहिली दोन वर्षं दुसऱ्याकडून घ्या. आठ लाखांतले बरेचसे नुसत्या ट्यूब आणि खोक्यांतच अडकतात, कारण छापील ट्यूब हजारांच्या हिशेबानेच घ्याव्या लागतात. लेबलवर एक ओळ चुकली की सगळा माल रद्दी. म्हणून सुरुवातीला कोऱ्या ट्यूबवर चिकटलेबल लावा.

किंमत उलटीकडून काढा. समजा छापील किंमत 236 रुपये आहे. 18 टक्के जीएसटी वजा जाता 200 राहिले. त्यातले ढोबळमानाने 60 दुकानदाराचे आणि 20 वितरकाचे धरा. उरलेल्या 120 मध्ये माल, ट्यूब, वाहतूक, जाहिरात, परत आलेले नग आणि तुमचा नफा, सगळं बसवायचं आहे. क्रीम करायलाच 90 रुपये लागत असतील तर हा धंदा चालणार नाही.

करार करताना एक गोष्ट लेखी घ्याच : फॉर्म्युला कुणाचा. तो कारखान्याचा असेल तर कारखाना बदलल्यावर तीच क्रीम पुन्हा मिळत नाही. क्रीम एकदा चांगली जमणं त्या मानाने सोपं. दहाव्या बॅचलाही तशीच निघणं, यात खरा कस लागतो. उमेदीच्या काळात मी फक्त सुगंध बदलला, नोंद केली नाही, आणि 40 किलो क्रीम पातळ होऊन फेकावी लागली. तेव्हापासून प्रत्येक बॅचचं वजन, तापमान, ढवळण्याची वेळ आणि कच्च्या मालाचा बॅच नंबर वहीत लिहितो. प्रत्येक बॅचच्या दोन ट्यूब मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवतो. एखाद्या ग्राहकाचा ‘चेहरा लाल झाला’ म्हणून फोन आला, की आधी त्या बॅचची ट्यूब काढून उघडतो.