पंपाची सवय लागते का?

प्रश्न: आई ६२ वर्षांची, विडी-सिगरेट कधीच नाही पण ३० वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. आता डॉक्टर सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) म्हणतात. श्वासाच्या पंपाची (इनहेलरची) सवय लागते असं शेजारच्या काकू म्हणाल्या म्हणून ती घेतच नाहीये, काय करू?

उत्तर: ताई, सवय लागत नाही हो, हे आधी आईंना नीट समजावा. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं म्हणून डोसही गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतो. खरी गडबड होते ती घ्यायच्या पद्धतीत, पंप दाबला आणि श्वास उशिरा घेतला की औषध घशातच राहतं, म्हणून पंपाला स्पेसर (औषध धरून ठेवणारी पोकळ नळी) लावा, हळू खोल श्वास आणि मग १० सेकंद रोखायचा. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायचीच, नाहीतर तोंडात बुरशी होऊ शकते. आणि चूल अजून पेटत असेल, अगदी अंघोळीच्या पाण्यापुरती का होईना, तर ती आधी बंद करा, धूर चालूच राहिला तर औषध तरी किती पुरणार? फ्लूची लस दरवर्षी द्या. बोलताना धाप लागली, ओठ निळसर दिसले तर रात्र असली तरी लगेच दवाखान्यात न्या, सकाळची वाट बघू नका.