वाचकांचे प्रश्न : सापळा लावूनही फळांत अळ्या

प्रश्न : आमच्या परसबागेत पेरूचे झाड आणि कारल्याचा वेल आहे. झाडाला फळमाशीचा गंधसापळा टांगला आणि त्यात माश्या भरपूर अडकल्या, तरीही दोन्ही फळांत अळ्या निघतातच. सापळा सदोष असेल का? फळांवर कीटकनाशक फवारावे का?

उत्तर : सापळा सदोष नसावा. पेरूवरील फळमाशीसाठी वापरल्या जाणाऱ्या सापळ्यात बहुधा मिथाईल युजेनॉल असते आणि त्याच्या वासाने फक्त नर येतात. सालीखाली अंडी घालणारी मादी, जिचे मीलन शेजारच्या बागेतही झालेले असू शकते, त्यात सापडत नाही. त्यामुळे एकट्या परसबागेत असा सापळा माशीची चाहूल लागण्यापुरताच उपयोगी ठरतो. कारल्यावरील माशी वेगळ्या जातीची असून तिच्या नरांना ओढण्यासाठी क्यू-ल्यूर हे दुसरे गंधद्रव्य लागते.

खरा बंदोबस्त जमिनीवर करावा लागतो. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून मातीच्या वरच्या काही सेंटिमीटर थरात कोषात जाते आणि उबदार हवेत साधारण एक-दोन आठवड्यांत तिची माशी होते. म्हणून गळलेली आणि डागाळलेली फळे, तसेच वेलावरची वाकडी, पिवळी पडलेली कारली दररोज गोळा करून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावीत व निदान आठवडाभर कडक उन्हात ठेवावीत. ती थेट कंपोस्टच्या ढिगात टाकणे म्हणजे माशी स्वतःच्या हाताने पोसणे होय, आणि दुर्दैवाने बहुतेक बागांत नेमके तेच घडते. झाडाखालची माती अधूनमधून वरवर हलवल्यास कोष उघडे पडतात व पक्षी, मुंग्या ते टिपतात.

याच्या जोडीला फळे झाकावीत. पेरू लहान व कडक असतानाच त्याला कागदाची किंवा बारीक जाळीची पिशवी बांधावी; कारल्याला मात्र परागीभवन होऊन फळ धरल्यानंतर लगेच बांधावी. जाळी सैल असावी, कारण ती फळाला चिकटली तर मादी जाळीतूनही अंडी घालू शकते. देठापाशी फट राहू देऊ नये.

फवारणीने आतल्या अळ्या सहसा मरत नाहीत, शिवाय तोडणीच्या तोंडावर विषाचा अंश फळावर राहतो. अंडी पक्व होण्यासाठी मादीला प्रथिने लागतात, म्हणून फवारायचेच असेल तर प्रथिनयुक्त विषारी आमिष, वेष्टनावरील सूचना पाळून, पानांवर ठरावीक ठिकाणीच मारावे.

प्रश्न : व्हिनेगरची वाटी ठेवल्यास ही माशी मरते का?

उत्तर : नाही. व्हिनेगरकडे येणारी चिलटे वेगळ्या कुळातली असून ती मुख्यतः आधीच सडू लागलेल्या फळांवर जगतात.