फोर-ओ-वन-केवर कर्ज काढून जुना लष्करी ट्रक घ्यावा का?

प्रश्न : वय 41, ओहायोत नोकरी, एच-वन-बी (मालकाशी बांधलेला नोकरीचा) व्हिसा. पत्नी, दोन मुलं, घर स्वतःचं. बँकेत 28,000 डॉलर. महिन्याचा खर्च 6,500, शिल्लक उरतात 1,400. अमेरिकी लष्कराचा जुना एम-35-ए-2 ट्रक लिलावात 6,500 डॉलरला मिळेल असं दिसतंय. घरीच दुरुस्त करायचाय, एकूण खर्च 12,000 धरलाय. फोर-ओ-वन-केवर, म्हणजे निवृत्तीसाठी पगारातून साठणाऱ्या खात्यावर, कर्ज काढू का? पुढे दरवर्षी एक ट्रक दुरुस्त करून विकण्याचाही विचार आहे.

उत्तर : ट्रक घ्या, पण आत्ता नको आणि या पैशातून तर नकोच.

आधी तुमचा 12,000चा आकडा तपासू. या ट्रकला दहा चाकं आणि एक स्टेपनी. टायर 9.00-20 मापाचे, ट्यूब आणि फ्लॅपसकट. लिलावातल्या गाडीचे टायर बाहेरून जाड दिसले तरी वर्षानुवर्षं उन्हात उभे राहून बाजूला चिरलेले असतात. नगाला 300 धरले तरी दहांचे 3,000 झाले. रिंग दोन भागांची, लॉक रिंगवाली असते. हवा भरताना ती उडाली तर माणूस जातो, म्हणून ते काम पिंजरा असलेल्या ट्रक टायरवाल्याकडेच द्या.

खरा खर्च ब्रेकमध्ये आहे, आणि तिथे काटकसर मला मान्य नाही. ब्रेकला हवेची मदत असली तरी जोर पोचतो तो तेलातून, आणि तिन्ही ॲक्सलचं सर्किट एकच. एक रबरी नळी फुटली किंवा चाकातला ब्रेक दाबणाऱ्या एका व्हील सिलिंडरचं रबर गेलं, की सहाही ठिकाणचे ब्रेक एकदम जातात. हँडब्रेक गाडी उभी ठेवण्यापुरताच. त्यामुळे मास्टर सिलिंडर (तेलाला दाब देणारा), सहा व्हील सिलिंडर आणि सगळ्या नळ्या एकाच वेळी बदलायच्या. हबचे ऑइल सीलही तेव्हाच बदला. ते गळले की गिअर ऑइल ब्रेक शूवर येतं आणि नवे शू वाया जातात. लष्करानं सिलिकॉनचं डीओटी 5 हे ब्रेकचं तेल वापरलंय, त्यात साधं डीओटी 3 मिसळू नका. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, हेही लक्षात असू द्या.

मी धरलेला हिशेब असा : गाडी 6,500, ओढून आणणं 1,500, टायर 3,000, ब्रेक 1,500, चोवीस व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या 500, तेल-फिल्टर-सील 800, ताडपत्री आणि रंग 1,200. झाले 15,000. दुरुस्तीच्या 7,000वर तीस टक्के राखीव धरले की 17,100. यात इंजिन उघडणं नाही. ऑइलच्या काडीला डिझेलचा वास आला, किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, तर इंजेक्शन पंप किंवा हेड गॅस्केटचं काम निघतं आणि हा हिशेब कोलमडतो. चालू इंजिन प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय बोली लावू नका.

आता कर्ज. नोकरी सुटली तर बहुतेक योजनांत फोर-ओ-वन-केचं उरलेलं कर्ज त्या वर्षीचं कराचं रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत फेडावं लागतं. नाही फेडलं तर ते काढलेले पैसे धरून त्यावर कर लागतो, आणि तुमच्या वयाला वर 10 टक्के दंड. त्याच वेळी एच-वन-बीवर नवा मालक शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस. सहा टनांच्या आसपास वजनाचा, अर्धवट उघडलेला ट्रक 60 दिवसांत योग्य भावाला विकला जात नाही. तुमची खरी जोखीम ही आहे. 28,000 म्हणजे साडेचार महिन्यांचासुद्धा खर्च नाही. तुमच्यासारख्यांसाठी मी सहा महिने, म्हणजे 39,000, किमान मानतो. कमी पडणारे 11,000 महिन्याला 1,400 नं आठ महिन्यांत जमतील. पुढच्या वर्षभरात ट्रकचे पैसेही उभे राहतील, कर्जाविना. घरावरचं कर्जही नको. ते घराच्याच कामाला वापरलं नाही तर व्याजावर करसवलत मिळत नाही.

दरवर्षी एक विकण्याचा बेत मात्र सोडा. छंद म्हणून एखादी गाडी दुरुस्त करणं वेगळं, नफ्यासाठी नियमानं खरेदी-विक्री करणं एच-वन-बीवर विनापरवाना काम ठरू शकतं. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्यात पाऊल टाकू नका. स्वतःच्या वापरातली गाडी तोट्यात विकली तर तो तोटा करात वजाही होत नाही. आणि अशा गाड्यांना घातलेला खर्च सहसा परत मिळत नाही. तोच नियम खरेदीला तुमच्या बाजूनं वळवता येतो : दुसऱ्या कुणी ब्रेक-टायर करून टायटलही (मालकीचा सरकारी कागद) काढलेला ट्रक 12,000 पर्यंत मिळाला, तर तो लिलावातल्या गाडीपेक्षा स्वस्त.

हातात आठ महिने आहेत, तर फुकट होणारी कामं करून ठेवा. ट्रक 22 फूट लांब, 8 फूट रुंद, ताडपत्रीसकट 9 फुटांहून उंच. घरगुती गॅरेजचा दरवाजा बहुधा 7 फुटांचा. ड्राइव्हवेवर उभा चालेल का, हे एचओएकडून (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेकडून) लेखी घ्या. नाही म्हणाले तर जागेचं भाडं महिन्याच्या हिशेबात धरा. लिलावातून एसएफ-97, म्हणजे टायटल काढण्यासाठीचा सरकारी दाखला, मिळणार का, त्यावर तुमच्या राज्यात रस्त्यावर चालवण्याचं टायटल मिळतं का, आणि कोणतं लायसन्स लागेल, हे मोटार खात्याला विचारा. संग्राह्य वाहनांचा विमा देणाऱ्या दोन कंपन्यांकडून ठरलेल्या किमतीच्या पॉलिसीचे दर मागवा. ही उत्तरं आली की तुमचे आकडे मला पुन्हा पाठवा.