नवरा तयार आहे, तरी बायकोचं नाव सातबारावर लागत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमानांनी स्वतः विकत घेतलेली चार एकर जमीन आहे, तुमचं नाव लावायला त्यांची तयारी आहे, पण तलाठी म्हणतात, ‘खरेदीखत करा, नाहीतर इतर हक्कात नाव टाकून देतो’.

इतर हक्कात नाव घेऊ नका. उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून तो आधी सांगते. सातबाऱ्यावर भोगवटादाराचं, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याचं, नाव एका रकान्यात असतं आणि कुळ, कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा वगैरे ‘इतर हक्क’ या दुसऱ्या रकान्यात. बाईचं नाव या दुसऱ्या रकान्यात गेलं की घरात सगळे समजतात, नाव लागलं. पण ती खातेदार होत नाही, तिचा 8-अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा) निघत नाही, शेतकरी म्हणून ओळख क्रमांक मिळत नाही. नवरा गेल्यावर विधवेचं नावही कित्येक गावांत असंच ‘पोटगीपुरतं’ म्हणून इतर हक्कात बसवलेलं सापडतं आणि मुलगे भोगवटादार होतात. हे बेकायदा आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सगळे एकाच वर्गाचे, सारख्या हिश्शाचे वारस आहेत.

आता तुमचा मार्ग. 15 सप्टेंबर 1992 चं महसूल खात्याचं परिपत्रक आहे, लक्ष्मीमुक्ती योजनेचं. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर घेता येतं. त्यासाठी खरेदीखत लागत नाही. या योजनेमागे शेतकरी संघटनेची चळवळ आहे. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं आणि पुढे संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. ज्या गावात शंभर कुटुंबं बाईच्या नावे जमीन करतील ते लक्ष्मीमुक्त गाव, असा तो कार्यक्रम होता. सरकारचं परिपत्रक त्यानंतर आलं. तलाठ्यांना ते ठाऊक नसणं अजूनही सर्रास आढळतं, तेव्हा अर्जात तारखेसह त्याचा उल्लेख करा.

अर्ज यजमानांच्या नावाने आणि त्यांच्या सहीने हवा. तुमच्या सहीचा चालत नाही. सोबत चालू सातबारा, 8-अ, दोघांची आधार कार्डं आणि लग्नाचा किंवा शिधापत्रिकेचा पुरावा जोडा. अर्जात नेमकं लिहा: ‘भोगवटादार सदरी सहहिस्सेदार म्हणून नाव दाखल करावे, दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा’. हिस्सा लिहिला नाही तर खातं नुसतं सामाईक राहतं आणि पुढे वाटपाच्या वेळी वाद उकरला जातो. नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा. माहेरचं एक आणि सासरचं एक अशा दोन नावांमुळे नंतर बँकेत अडतं. अर्ज दिल्याची पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं धरलं जातं.

तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवहीत (सातबाऱ्यातल्या बदलांच्या वहीत) नोंद घेतात, चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना कळवलं जातं. हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती तक्रारी, म्हणजे वादातली, नोंद होते, सुनावणी लागते. नोंद नामंजूर झाली तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील आहे. मंजूर झाल्यावर डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत काढून नाव कुठल्या रकान्यात पडलंय ते स्वतः बघा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम दस्त नव्हे. पुढे भाऊबंदकीचा वाद होईल अशी शंका असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र जास्त भक्कम. महाराष्ट्रात शेतजमीन बायकोला किंवा मुलांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा लागतो, तो दुय्यम निबंधकांकडे आधी विचारून घ्या. भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली, जमीन असेल तर मात्र यातलं काहीही करण्याआधी तहसीलदारांकडे परवानगीची लेखी विचारणा करा.

फरक काय पडतो? तुमच्या सहीशिवाय तुमचा हिस्सा विकता येत नाही, त्यावर कर्ज काढता येत नाही. सगळ्यात मोठा फायदा हाच. दुसरा फायदा हिशेबाने बघा. दोन मुलगे, एक मुलगी आहे आणि सासूबाई हयात नाहीत असं धरू. नाव नसताना मृत्युपत्र न करता यजमान गेले तर चार वारस, तुम्हाला एक एकर. नाव निम्म्याने असेल तर तुमचे दोन एकर तुमचेच राहतात आणि त्यांच्या दोन एकरांतला चौथा हिस्सा, म्हणजे आणखी अर्धा एकर मिळतो. एक एकर आणि अडीच एकर यांतलं अंतर म्हातारपणी कुणाच्या दारात उभं राहायचं ते ठरवतं. पीएम किसानचे पैसे मात्र दुप्पट होत नाहीत, कारण ती योजना नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं मिळून एका कुटुंबाला आहे.

घरातून विरोध होतो तो बहुतेक ‘जमीन माहेरी जाईल’ या भीतीने. ती निराधार आहे, आणि ती दीर-जावांना शांतपणे समजावून सांगण्यासारखी आहे. बाई मृत्युपत्र न करता वारली तर तिचे पहिले वारस मुलगे, मुली आणि नवरा. ते कुणी नसतील तर नवऱ्याचे वारस. आईवडिलांचा नंबर त्यानंतर. घटस्फोट झाला तर नाव आपोआप निघत नाही, हेही खरं आहे. ते लपवू नका. वीस वर्षं त्या शेतात निंदणी-खुरपणी केलेल्या बाईचा हिस्सा संसार मोडला तरी टिकावा, यात मला काही गैर वाटत नाही.

हा मार्ग चालत नाही तो तरुण सुनांसाठी. जमीन सासऱ्यांच्या नावावर असते, नवऱ्याकडे द्यायला काही नसतंच, आणि नवरा अकाली गेला तर तिला शेतकरी असल्याचा कागदही दाखवता येत नाही. तिथे सासऱ्यांच्या हयातीत वाटप करून घेणं, किंवा त्यांनी मुलाला बक्षीसपत्र करून मग मुलाने बायकोचं नाव लावणं, हे दोनच सरळ रस्ते. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून, म्हणजे सगळ्यांच्या वतीने, एकाच भावाचं नाव असेल तर आधी ती नोंद कमी करून सगळ्यांची नावं लावून घ्यावी लागतात.

आणि सासरच्या जमिनीत यजमानांच्या बहिणींचं हक्कसोडपत्र (हिस्सा सोडल्याचा दस्त) कुठे करायची वेळ आली तर ते नोंदणीकृत लागतं. तेराव्याच्या दिवशी कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीने बहिणीचा हक्क जात नाही. तुमच्या मुलीलाही हे आत्ताच सांगून ठेवा.