द्राक्षांच्या पिशवीत काळा चकचकीत कोळी निघालाय, आता काय करू?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. सुपरमार्केटमधून आणलेल्या कॅलिफोर्नियाच्या लाल द्राक्षांच्या पिशवीत काळा, चकचकीत कोळी दिसला. पिशवी बंद करून फ्रिजमध्ये टाकली आहे. पाच वर्षांच्या मुलीने त्यातली मूठभर द्राक्षं आधीच खाल्ली आहेत. हा ब्लॅक विडो, म्हणजे तो विषारी कोळी, असेल का? बाकीच्या द्राक्षांचं काय करायचं?

उत्तर:

आधी मुलीचं बघू. कोळ्याचं विष दातांवाटे कातडीखाली गेलं तरच बाधतं. ज्या द्राक्षांवरून कोळी फिरला ती खाल्ल्याने काही होत नाही, न धुता खाल्ली असली तरी. तिला चावलाच असता तर दोनेक तासांत पोटात किंवा पाठीत कळा, दरदरून घाम, सतत रडणं असं काहीतरी दिसलं असतं. खाऊन तेवढा वेळ उलटला असेल आणि ती नेहमीसारखी खेळत असेल, तर तो विषय सोडून द्या.

पिशवी बंद केलीत हे छान केलंत. पण फ्रिजमध्ये कोळी मरत नाही, फक्त सुस्तावतो. ही द्राक्षं मळ्यात हाताने तोडतात, बरेचदा तिथेच पिशव्यांत भरतात आणि पुढचा सगळा प्रवास शून्य अंशाच्या आसपास करतात. ती धुतलेली नसतात, कारण मण्यांवरचा पांढुरका मेणासारखा थर धुतला गेला आणि घडात ओल राहिली की माल लवकर सडतो. घडाच्या आत देठांच्या जाळीत दडलेला कोळी अशा रीतीने कोणाच्या नजरेस न पडता तुमच्या ओट्यापर्यंत येतो. शून्य अंशात आठवडे काढलेल्या प्राण्याला तुमच्या फ्रिजच्या चार अंशांचं काय! बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तो पुन्हा हालचाल करू लागतो. इथेच बहुतेकांची फसगत होते: फ्रिजमधून काढलेला कोळी पाय आखडून पडलेला दिसतो, मेला समजून लोक तो बोटाने उचलायला जातात.

आता तो कोणता ते ओळखू. सगळं लक्ष पोटाच्या खालच्या बाजूवर ठेवा. ब्लॅक विडोच्या पूर्ण वाढलेल्या मादीच्या पोटाखाली लाल खूण असते. इंग्रजीत तिला वाळूच्या घड्याळाची उपमा देतात, आपण डमरू म्हणू: दोन त्रिकोण, टोकाला टोक लावलेले. न्यू जर्सीच्या बाजूला सापडणाऱ्या दुसऱ्या एका विडोत हा डमरू मधोमध तुटलेला असतो. कॅलिफोर्नियावाल्या पश्चिमी विडोत तो सहसा अखंड असतो. मादीचं पोट मटाराच्या दाण्यासारखं गोल आणि लाखेचं पाणी दिल्यासारखं तुकतुकीत. शरीराची लांबी 8 ते 13 मिलिमीटर, पाय पसरून साधारण साडेतीन सेंटिमीटर. पाय लांब, बारीक, आणि सहज दिसतील असे केस त्यांवर नाहीत. नर लहान आणि फिका तपकिरी असतो, त्याच्यापासून धोका नाही म्हटलं तरी चालेल. अर्धवट वाढलेल्या माद्या मात्र गोंधळात टाकतात. त्यांच्या अंगावर पांढरट-पिवळसर पट्टे असतात आणि रंग पुरता काळा झालेला नसतो. म्हणून पाठीच्या रंगावर निकाल देऊ नका.

विडो जाळ्यात उलटी लटकते, त्यामुळे पिशवीच्या प्लॅस्टिकमधूनही डमरू दिसण्याची बरीच शक्यता असते. पिशवी न उघडता टॉर्च मारून बघा. तिचं जाळं नेहमीच्या चाकासारखं गोल नसतं. घडात आडवेतिडवे, कसेही ताणलेले धागे दिसतील, आणि ते चांगलेच चिवट असतात: काडीने तोडले तर बारीकसा चरचर आवाज येतो.

तुकतुकीत काळा आहे पण डमरू नाही, असं झालं तर बहुधा तो स्टिएटोडा जातीचा ‘खोटा विडो’. त्याच्या रंगात जांभळी-तपकिरी झाक असते आणि पोटाच्या पुढच्या कडेला बरेचदा फिकट चंद्रकोर असते. तोही चावला तर दुखतं, पण विडोइतकं नाही. रंग तपकिरी-करडा आणि डमरू नारिंगी असेल तर ब्राऊन विडो. त्याचं चावणं सहसा सौम्य असतं.

आता पिशवीचं. घरात लहान मूल आहे, म्हणून मी सोपा मार्ग सांगेन. पिशवी आहे तशी मोठ्या झिपलॉक पिशवीत घाला, हवा काढून बंद करा आणि फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर 48 तास ठेवा. तेवढ्यात कोळी नक्की मरतो. मग पिशवी उघडून तो चिमट्याने काढा. गोठलेली द्राक्षं धुऊन खाता येतात, चांगली लागतात. किंवा सरळ फेकून द्या, चार-पाच डॉलरच्या द्राक्षांपायी जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही.

जिवंत पकडायचाच असेल तर पिशवी फ्रिजमधून काढल्या काढल्या काम उरका. बागकामाचे जाड चामडी हातमोजे, लांब चिमटा, पांढरी बादली, काचेचा उभट ग्लास आणि जाड पुठ्ठा एवढं आधीच मांडून ठेवा. घड देठाला चिमट्याने धरा आणि बादलीवर दोन-तीन वेळा आपटा. विडो हल्ला करत नाही. ती धागा सोडून खाली पडते आणि गोळा होऊन मेल्याचं सोंग घेते. तिच्यावर ग्लास उपडा घाला, खालून पुठ्ठा सरकवा, मग दोन्ही धरून उलटं करा. विडोला स्वच्छ, गुळगुळीत काचेवर चढता येत नाही, ती तळाशी घसरत राहते. त्यामुळे उभा ग्लासही बऱ्यापैकी सुरक्षित, पण झाकण लावाच. ही ओळखीचीही एक खूण आहे: तुमचा कोळी काचेवरून सरळ वर चालत आला तर तो विडो नव्हे. तोंड अरुंद असलेली बरणी वापरू नका, कडेखाली पाय चिरडतात आणि मग खूण नीट दिसत नाही.

काय करू नये तेही सांगतो. द्राक्षांवर कीटकनाशक फवारू नका. द्राक्षं वाया जातात आणि कोळी चवताळून ओट्यावर उतरतो. सिंकमध्ये पिशवी रिकामी करून उघड्या हाताने घड चाचपू नका. विडो चावते ती जवळजवळ नेहमी कातडी आणि दुसऱ्या कशाच्या तरी मध्ये दबली की, आणि घडात बोटं घालणं म्हणजे नेमकं तेच. पाण्यात बुडवून मारायच्या भानगडीतही पडू नका, अंगाला चिकटलेल्या हवेवर ती बराच वेळ तग धरते. आणि बाहेर अंगणात सोडू नका. कॅलिफोर्नियाची जात न्यू जर्सीत मोकळी सोडणं बरोबर नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, परदेशी प्राणी असा मोकळा सोडणं तिथे 1981 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

खात्रीची ओळख हवी असेल तर मेलेला कोळी छोट्या बाटलीत 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घाला. औषधाच्या दुकानात ‘रबिंग अल्कोहोल’ म्हणून मिळतं. घाईत असाल तर हँड सॅनिटायझरही चालतं. तुमच्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात (शेती-बागकामाचा सल्ला देणारं सरकारी केंद्र) किंवा विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात तो ओळखून देतात. फोटो पाठवायचे तर तीन घ्या: पाठ, पोट आणि बाजू, शेजारी एक सेंटचं नाणं ठेवून. ते साधारण 19 मिलिमीटरचं असतं, त्यावरून आकार कळतो. पोटाचा फोटो नसेल तर बाकीच्या दोघांचा फारसा उपयोग नाही.

समजा चावलाच. जागा साबण-पाण्याने धुवा, बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं लावा, दहा मिनिटं काढा, असं करत राहा. चिरा देऊ नका, चोखू नका, आवळून बांधू नका. लगेच 1-800-222-1222 या विषनियंत्रण केंद्राच्या नंबरवर फोन करा. तो अमेरिकेत कुठूनही, चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. वेदना पसरत चालल्या, छातीत दुखलं, श्वास लागला, किंवा चावलेली व्यक्ती लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल तर 911.

चावा बरेचदा टाचणी टोचल्याइतकाच जाणवतो. दोन बारीक ठिपके दिसले तर दिसले. मग अर्ध्या तासापासून दोन तासांत कळा सुरू होतात आणि त्या चावलेल्या जागेपासून वर चढतात: हाताला चावलं तर छातीकडे, पायाला चावलं तर पोटाकडे. कारण विषातलं अल्फा-लॅट्रोटॉक्सिन मज्जातंतूंच्या टोकांमधला रासायनिक निरोपांचा साठा एकदम रिता करतं, आणि स्नायू आखडतच राहतात. पोट लाकडासारखं घट्ट होतं, इतकं की कधीकधी अपेंडिक्सचा संशय येतो. म्हणून दवाखान्यात पोहोचल्या पोहोचल्या कोळ्याचं सांगा. रक्तदाब चढतो, घाम येतो, कधी फक्त चावलेल्या भागापुरताच. वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारी औषधं देतात. प्रतिविष आहे, पण ते घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि त्याची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून डॉक्टर ते गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवतात. त्रास बहुतेकांत एक ते तीन दिवसांत ओसरतो. अमेरिकेतल्या विषनियंत्रण केंद्रांकडे 2000 ते 2008 या नऊ वर्षांत विडोच्या 23,409 घटनांची नोंद झाली. त्यांत एकही मृत्यू नव्हता आणि गंभीर परिणाम 1.4 टक्के जणांना झाले. दुखणं मात्र खरंच भयंकर असतं, ते कमी लेखू नका. चावलेली जागा काळी पडून सडतेय असं दिसलं तर तो विडोचा चावा नाही, दुसरंच काही आहे.

एवढं वाचून कोणी केळ्यांबद्दल विचारणारच, म्हणून तेही. केळ्यात सापडलेला मोठा केसाळ कोळी म्हणजे ‘ब्राझीलचा जगातला सर्वांत विषारी कोळी’, अशी बातमी इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. त्यातलं बरंचसं चुकीच्या ओळखीवर उभं असतं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, परदेशी मालातून आलेले आणि उत्तर अमेरिकेतल्या कोळीतज्ज्ञांकडे ओळखायला दिलेले 135 कोळी तपासले होते. खरे फोन्यूट्रिया, म्हणजे ते बदनाम ब्राझिलियन वाँडरिंग स्पायडर, त्यांत फक्त सात निघाले. सर्वाधिक निघणाऱ्यांत होता हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. हा तुमच्या ओळखीचा आहे: कोकणातल्या घरांत रात्री भिंतीवर पसरून बसणारा आणि झुरळं मारणारा तो मोठा, चपटा, तपकिरी कोळी हाच. शिवाय ब्राझीलची केळी बहुतांशी ब्राझीलमध्येच खपतात. अमेरिका-युरोपच्या दुकानांत ती इक्वाडोर, कोस्टारिका, कोलंबिया, ग्वाटेमालाहून येतात. पॅकिंगआधी फण्या पाण्याच्या टाकीत बुडवतात, तिथे बरेच कोळी गळून पडतात. जो राहतो तो जगतो, कारण केळी 13-14 अंशांखाली नेली की साल काळी पडते, म्हणून तेवढी थंडी देताच येत नाही. फोन्यूट्रिया डिवचला की पुढचे पाय उंच उभारून डोलतो. तसं दिसलं तर दार बंद करून बाहेर व्हा आणि कीटक नियंत्रणवाल्यांना बोलवा, हा ग्लास-पुठ्ठ्याचा खेळ त्याच्याशी करू नका. केळ्यांच्या बेचक्यातला पांढरा कापूस मात्र बहुतेकदा कोळ्याचा नसतो. आपल्याकडे द्राक्ष बागायतदार ज्याला पिठ्या ढेकूण म्हणतात तो, नाहीतर बुरशी.

पुन्हा तुमच्या पिशवीकडे. घडात मलईच्या रंगाची, कागदी वेष्टनाची, सेंटिमीटरभर पुरचुंडी दिसतेय का बघा. ती विडोच्या अंड्यांची असते, आत दोनशेच्या आसपास अंडी. ती फोडू नका. फ्रीझरचे तेच 48 तास तिलाही पुरतात. पुरचुंडी नसेल तर घरभर फवारणीची गरज नाही, एक कोळी म्हणजे वस्ती नव्हे.

राहिलेली द्राक्षं खायची तर जाळं लागलेला घडाचा भाग कात्रीने कापून टाका, बाकीचे मणी चाळणीत धारेखाली चोळून धुवा. मीठ, व्हिनेगर काही लागत नाही. आणि पिशवीवरचं लेबल फेकायच्या आधी त्याचा फोटो काढा: कुठला माल, पॅकिंग करणाऱ्याचं नाव, लॉट नंबर. दुकानाला त्यावरूनच बाकीचा माल तपासता येतो. पावती दाखवलीत तर पैसेही बहुधा परत मिळतील.