रबर मॅग्नेटची शीट घेण्याआधी

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत विकायला फ्रिज मॅग्नेट करणार म्हणतोस, करच. पण आधी माल ओळखायला शीक. ही शीट म्हणजे फेराइटची (लोहाच्या ऑक्साइडपासून केलेल्या चुंबकी पदार्थाची) भुकटी रबरात मळून रोलरमधून लाटलेली. नंतर तिच्या एका बाजूवर उत्तर-दक्षिण ध्रुवांचे बारीक पट्टे आळीपाळीने उमटवतात. दोन तुकड्यांच्या चुंबकी बाजू एकमेकींवर ठेवून सरकव. एका दिशेने तुकडे टकटक अडखळत जातात, तेच हे पट्टे. पट्टे इतके जवळ, म्हणून ओढ अगदी पृष्ठभागापुरतीच. मध्ये जाड पुठ्ठा आला की पकड गेली. म्हणून चित्र पट्टे नसलेल्या बाजूलाच चिकटव. कात्रीने कसंही काप, चुंबकत्व जात नाही.

चित्राला ०.५ मिमी पुरे. गाडीच्या दारावरच्या पाटीला मात्र ०.७५ मिमीच्या खाली जाऊच नकोस, हायवेवर उडते. अॅल्युमिनियम, फायबरवर ती बसतच नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांग. आणि आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन! पाटी रोज काढून पत्रा आणि पाटीची मागची बाजू दोन्ही कोरडी पुसायची, नाहीतर रंगावर डाग उठतो.