मोगऱ्याला कळ्याच येत नाहीत?
ताई, झाड हिरवंगार आहे, पानं भरपूर आहेत म्हणजे ते आजारी नाहीये, बहुतेक ऊन कमी पडतंय. मोगऱ्याला रोज निदान 5-6 तास थेट ऊन लागतं आणि आपल्या मुंबईत समोर टॉवर असला की ग्रिलमध्ये उजेड भरपूर दिसतो पण ऊन जेमतेम तासभर, तेव्हा एखाद्या रविवारी नीट लक्ष ठेवून बघा आणि कुंडी जिथे जास्त ऊन येतं तिथे हलवा, गच्चीसाठी सोसायटीला विचारावं लागलं तरी विचारा.

युरिया घालत असाल तर बंद. त्यातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की नुसती पानं सुटतात, त्याऐवजी बोनमील (हाडांचा चुरा) आणि थोडं पोटॅश द्या.

आणि छाटणी! कळ्या नव्या फुटव्यांवरच येतात हो, जुन्या लांबलेल्या फांद्या जपून काही मिळत नाही. जानेवारीच्या शेवटी आधी थोडे दिवस पाणी कमी करा, मग निम्म्यापर्यंत कापा, जीव होत नाही माहितीये पण कापाच, उन्हाळा लागला की कळ्या धरतील. पावसाळ्यात हलकी छाटणी चालेल, पण ढगाळ हवेत फार फुलं येणार नाहीत.